निर्बंधांची हद्द वर्दळीवरून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ आली की देशभर एकच टाळेबंदी लावावी, की रुग्ण वाढतील तिथेच निर्बंध ठेवावेत, हा वाद कोविड ओसरून काही वर्षे झाली तरी मिटलेला नाही. गडचिरोलीतल्या दुकानदाराने मुंबईतल्या रुग्णसंख्येसाठी शटर का ओढायचे, असे एक बाजू विचारते. विषाणूला जिल्ह्याची वेस कळत नाही, असे दुसरी सांगते. दोघांचेही खरे आहे, म्हणूनच हा वाद पुढे सरकत नाही. २०२० आणि २०२१ मधले अनुभव नीट तपासले तर वेगळेच दिसते. स्थानिक निर्बंध फसले तिथे बहुतेक वेळा हद्द चुकीची आखली होती किंवा आदेश उशिरा निघाला होता. या दोन्ही गोष्टी साथ नसताना, म्हणजे आत्ताच, दुरुस्त करता येतात. त्यासाठी हे पत्र.

आधी देशव्यापी टाळेबंदीबद्दल. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. एवढ्या रुग्णांसाठी सगळा देश का थांबवला, ही टीका तेव्हापासून होते आहे. पण त्या वेळी आपल्याला काय दिसत होते, हेही पाहायला हवे. जानेवारीत ही चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतच होत होती. मार्चमध्ये प्रयोगशाळा वाढल्या, तरी चाचण्या मुख्यतः परदेशातून आलेल्यांच्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांच्या होत होत्या. एखाद्या जिल्ह्यात शून्य रुग्ण असतील, तर तिथे संसर्ग नाही की कोणी तपासलेलेच नाही, हे सांगायची सोय नव्हती. अशा अवस्थेत सगळीकडे थांबणे समर्थनीय होते, असे माझे मत आहे. चार तासांची सूचना मात्र कोणत्याही निकषावर समर्थनीय नव्हती, आणि तिची किंमत हातावर पोट असलेल्यांनी रस्त्यावर चालून मोजली.

देशव्यापी बंदी योग्य ठरते अशी दुसरी स्थिती म्हणजे सगळीकडची रुग्णालये एकाच वेळी भरणे. शेजारच्या जिल्ह्यात खाटा, प्राणवायू आणि माणसे मोकळी आहेत, या गृहीतकावर स्थानिक निर्बंधांचा डोलारा उभा असतो. एप्रिल २०२१ मध्ये हे गृहीतक कोसळले. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे थेट विशाखापट्टणमला गेली, कारण जवळपास कोणाकडे द्यायला प्राणवायू उरला नव्हता. शेजाऱ्याकडे मदत मागण्याची वेळ यायच्या आत मोठ्या पट्ट्यावर निर्बंध लावावे लागतात. या दोन स्थिती सोडल्या, तर स्थानिक निर्बंध हाच न्याय्य आणि टिकाऊ मार्ग आहे. मात्र ते नेमके असले पाहिजेत.

१ मे २०२० च्या आदेशातली लाल, नारिंगी आणि हिरव्या जिल्ह्यांची विभागणी हा नेमकेपणाचा पहिला प्रयत्न होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीत १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे होते. एकही रुग्ण नाही किंवा सलग २१ दिवस नवा रुग्ण नाही, म्हणजे हिरवा. या निकषात किमान किती चाचण्या हव्यात, याची अट नव्हती, त्यामुळे जो जिल्हा तपासत नाही तो हिरवाच राहणार. त्याच दिवसापासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत कोकणात नि पश्चिम महाराष्ट्रात मुंबई-पुण्याहून परतलेल्यांबरोबर संसर्गही पोचला. रंग जिल्ह्याला दिला होता, माणसे मात्र जिल्ह्यांमधून फिरत होती.

त्या मानाने महाराष्ट्राने जून २०२१ मध्ये केलेली पाच स्तरांची रचना (स्तर जितका वरचा, तितके निर्बंध कडक) बरीच पुढची होती, आणि तिचा अभ्यास व्हावा तितका झालेला नाही. दोन आकडे होते: आठवड्याच्या चाचण्यांतले बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटांची टक्केवारी. प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण तेवढेच, पण भरलेल्या खाटा २५ ते ४० टक्के असतील तर दुसरा. प्रमाण ५ ते १० टक्के किंवा ४० टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असतील तर तिसरा. १० ते २० टक्के किंवा ६० टक्क्यांवर खाटा गेल्यास चौथा, आणि २० टक्क्यांच्या पुढे किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा भरल्यास पाचवा. आरोग्य विभागाने गुरुवारी आकडे जाहीर करायचे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने स्तर ठरवायचा आणि सोमवारपासून अंमल करायचा. सामान्य दुकानदारालाही गुरुवारी रात्री आपल्या जिल्ह्याचा स्तर स्वतः काढता येईल इतके हे सोपे होते. ही या रचनेची मोठी जमेची बाजू.

अडचण आकड्यांच्या आत होती. समजा, एखाद्या शहरात आठवड्यात ६०० आरटीपीसीआर चाचण्या झाल्या आणि ६० जण बाधित निघाले, म्हणजे १० टक्के. याच आठवड्यात बाजारपेठेत, एसटी स्थानकावर, लक्षणे नसलेल्या लोकांच्या १,४०० अँटिजेन चाचण्या केल्या आणि त्यात २८ बाधित सापडले. आता एकूण २,००० चाचण्यांत ८८ बाधित, म्हणजे ४.४ टक्के. संसर्ग तेवढाच आहे, पण शहर थेट ५ टक्क्यांच्या खाली आले. यात कोणी लबाडी केलीच पाहिजे असे नाही, उत्साहाने शिबिरे घेतली तरी हेच होते. राज्याने २५ जून २०२१ च्या आदेशात फक्त आरटीपीसीआरचे प्रमाण धरायचे ठरवले, ते बरोबर होते. पण तेवढ्याने भागत नाही. चाचण्या फक्त आजारी माणसांपुरत्या ठेवल्या तर प्रमाण फुगते, आणि प्रामाणिक काम करणाऱ्या छोट्या रुग्णालयाच्या तालुक्याला शिक्षा होते.

केरळनेही आधी स्थानिक स्वराज्य संस्थांची बाधितांच्या प्रमाणावरून वर्गवारी केली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ती सोडून दर हजार लोकसंख्येमागे आठवड्यात किती नवे बाधित, हा निकष आणला आणि हजारी १० च्या वर गेल्यास कडक बंदी लावली. पाच हजार वस्तीच्या गावात हे म्हणजे आठवड्यात ५० रुग्ण. हा आकडा शिबिरांनी खाली येत नाही. पण चाचण्याच थांबवल्या तर लगेच खाली येतो. म्हणून यातला एक आकडा निवडण्याऐवजी दोन्ही एकत्र ठेवावेत. चाचण्या घटवल्या तर लोकसंख्येमागचा आकडा पडतो, पण प्रमाण चढते. धडधाकट लोकांना तपासत सुटले तर प्रमाण पडते, पण लोकसंख्येमागचा आकडा पडत नाही. एकातली लबाडी किंवा चूक दुसऱ्यात उघडी पडते. सोबत किमान चाचण्यांची अट हवी आणि ती पूर्ण न करणाऱ्या विभागाला आपोआप एक स्तर वर ठेवावे.

खाटांचेही तसेच. ४०० पैकी २४० भरल्या तर ६० टक्के. कागदावर आणखी २०० खाटा दाखवल्या की तेच २४० रुग्ण ४० टक्के होतात. ज्या खाटेजवळ प्राणवायूची चालू जोडणी आहे आणि प्रत्येक पाळीत परिचारिका नेमलेली आहे, तेवढीच खाट मोजावी.

हद्द किती लहान ठेवावी, याची मर्यादाही इथेच कळते. तालुक्यात आठवड्याला ४०० चाचण्या झाल्या आणि २० बाधित निघाले तर प्रमाण ५ टक्के येते, पण नमुना इतका लहान असतो की खरे प्रमाण ३ ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. असा तालुका या आठवड्यात उघडा, पुढच्या आठवड्यात बंद, असा हेलकावे खात राहील आणि लोकांचा नियमांवरचा विश्वास उडेल. उपाय अवघड नाही. वर चढायचा आणि खाली उतरायचा निकष वेगळा ठेवायचा. जर्मनीने एप्रिल २०२१ मध्ये संघीय कायद्याने हेच केले होते. आठवड्यातील नवे बाधित लाखामागे १०० च्या वर सलग तीन दिवस राहिले की जिल्ह्यात निर्बंध लागत, आणि उठवायला सलग पाच कामकाजाचे दिवस त्याखाली राहावे लागे. महाराष्ट्राच्या २५ जूनच्या आदेशातही स्तर खाली आणायला दोन आठवड्यांचा कल पाहायचा, पण वर न्यायला थांबायचे नाही, अशी तरतूद होती. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

आता उशिराबद्दल. लोकांना वाटते, गुरुवारचा आकडा म्हणजे आजची स्थिती. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच दिवस. लक्षणे दिसल्यापासून माणूस तपासायला जाईपर्यंत दोन-तीन दिवस. अहवालाला दोन दिवस. आठवड्याची बेरीज असल्याने तिचे सरासरी वय साडेतीन दिवस. म्हणजे गुरुवारी जाहीर होणारा आकडा साधारण १३ दिवसांपूर्वीच्या लागणीचा असतो. अंमल सोमवारी, म्हणजे १७ दिवस. रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होत असतील, तर १७ दिवसांत रोजची लागण पाचपटीहून अधिक झालेली असते. साथ वर जात असताना ५ टक्क्यांची रेषा ओलांडेपर्यंत वाट पाहणे म्हणूनच घातक आहे. आकड्याबरोबर त्याच्या वाढीचा वेगही निकषात असला पाहिजे: प्रमाण रेषेच्या आत असले, तरी सलग दोन आठवडे दीडपट झाले तर स्तर वर. गुरुवार ते सोमवार हे चार दिवसही वाढत्या साथीत परवडणारे नाहीत. वर जाताना शनिवारी सकाळी अंमल सुरू करता येतो. शिवाय सांडपाण्याची नियमित तपासणी लक्षणे आणि चाचण्या यांच्यावर अवलंबून नसते, त्यामुळे तिथे वाढ काही दिवस आधी दिसते. पोलिओसाठी मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने गेली वीसहून अधिक वर्षे घेतले जात आहेत, त्यामुळे ही पद्धत आपल्याला नवी नाही.

हद्दीचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मेलबर्नमध्ये जुलै २०२० च्या सुरुवातीला दहा पिनकोडपुरती टाळेबंदी लावली. दोन-तीन दिवसांत आणखी दोन पिनकोड आणि सरकारी घरकुलांच्या नऊ इमारती जोडाव्या लागल्या, आणि ९ जुलैला सगळे महानगर बंद झाले. सिडनीत जून २०२१ मध्ये चार नगरपालिका क्षेत्रे बंद केली, दुसऱ्याच दिवशी बृहन् सिडनी. तिथल्या यंत्रणा कमकुवत नव्हत्या. पिनकोड हा टपालासाठी आखलेला असतो, माणसांच्या रोजच्या कामधंद्यासाठी नव्हे. एका पिनकोडात राहणारा माणूस दुसऱ्यात कामाला, तिसऱ्यात बाजाराला जातो.

आपल्याकडे स्तर ठरवताना मोठ्या महापालिका आणि उरलेला जिल्हा हे वेगळे घटक धरले. कागदावर हे रास्त दिसते. पण मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार यांना लोकल एकत्र बांधते. एका पालिकेत दुकाने चारला बंद आणि खाडीपलीकडे रात्रीपर्यंत उघडी असतील, तर गिऱ्हाईक पूल ओलांडते आणि दोन्हीकडची गर्दी एका ठिकाणी जमते. जून २०२१ मध्ये मुंबई निकषांनुसार दुसऱ्या स्तरात बसत असूनही महापालिकेने तिसराच स्तर कायम ठेवला. दाट वस्ती आणि महानगर प्रदेशातून लोकलने रोज येणारी माणसे, ही त्यामागची कारणे होती. पालिकेचा निर्णय योग्यच होता. पण तो निकष डावलून घ्यावा लागला, यातच निकषाची हद्द चुकल्याचे दिसते. पुणे, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी आणि चाकणचा पट्टा यांचीही गत वेगळी नाही.

म्हणून घटक आखताना तीन नोंदी पाहाव्यात. रेल्वे, एसटी आणि शहर बससेवेचे मासिक पास कुठून कुठे काढले जातात. मोबाइल मनोऱ्यांवरून निघणारी, व्यक्तीची ओळख नसलेली, विभागांमधल्या येण्याजाण्याची एकत्रित संख्या. आणि मोठ्या रुग्णालयांत दाखल झालेले रुग्ण कोणत्या तालुक्यातून आले. एखाद्या पालिकेतल्या किंवा तालुक्यातल्या कमावत्या माणसांपैकी दहातला एक जण रोज शेजारच्या घटकात जात असेल, तर दोन्ही मिळून एकच घटक धरावा. दहातला एक हा आकडा मी सुचवतो आहे, तो चर्चेने बदलू शकतो, पण काहीतरी आकडा लिहिलेला असावा. खाटांची टक्केवारी मात्र रुग्णालयाच्या गावावर न लावता रुग्ण जिथून येतात त्या सगळ्या क्षेत्रावर विभागावी. नाहीतर ज्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे ते शेजारच्या तीन जिल्ह्यांच्या रुग्णांमुळे वरच्या स्तरात अडकते, आणि ज्या जिल्ह्यात खाटाच नाहीत तो उघडा राहतो.

हद्द आखली की पळापळ सुरू होते. इटलीत ७ मार्च २०२० च्या रात्री लोम्बार्दी बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा फुटला आणि लोकांनी मिलानची रेल्वेस्थानके गाठली. दोन दिवसांत सगळा देश बंद करावा लागला. वुहानमध्ये २३ जानेवारीला मध्यरात्रीनंतर घोषणा होऊन सकाळी दहाला शहर बंद झाले, पण त्याआधी सणासाठी आणि इतर कारणांनी ५० लाख लोक बाहेर गेल्याचे तिथल्या महापौरांनीच सांगितले. सूचना लांबवली तर माणसे संसर्ग घेऊन निघतात, आणि अचानक दिली तर अडकतात. यातून वाट एकच दिसते. नियम आधीपासून माहीत असावा, म्हणजे घोषणेत धक्का नसतो, आणि राहणाऱ्याला राहणे परवडावे. भाडे, रेशन आणि मजुरीची हमी असेल तर निम्मी गर्दी स्थानकावर येणारच नाही. ज्यांना जायचेच आहे त्यांना ४८ तासांत, चाचणी करून, ठरलेल्या गाड्यांनी जाऊ द्यावे, आणि ती यादी पोचायच्या जिल्ह्याला आधी कळवावी.

पैशांवरून तर इंग्लंडमध्ये स्थानिक निर्बंधांची योजनाच मोडकळीला आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रेटर मँचेस्टरला सर्वांत कडक श्रेणीत टाकताना तिथल्या नेत्यांनी साडेसहा कोटी पौंड मागितले, सरकार सहा कोटींवर अडले आणि बोलणी फिसकटली. या घासाघिशीत दिवस गेले, आणि ५ नोव्हेंबरपासून सगळ्या इंग्लंडला टाळेबंदी लागली. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ च्या निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, त्यात परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले आणि बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ही मदत राज्यभरासाठी एकदाच होती. पुढे आलेल्या स्तरांच्या आदेशात, चौथ्या स्तरात गेलेल्या जिल्ह्याला आठवड्याला काय मिळेल, याचे कलम नव्हते. याचा परिणाम थेट निर्णयावर होतो. स्तर वर नेला की शिष्टमंडळे येतात आणि द्यायला हातात काही नसते, म्हणून जिल्हाधिकारी आणखी एक आठवडा पाहतात. वर मांडलेल्या हिशेबात हा एक आठवडा म्हणजे दुप्पट रुग्ण. प्रत्येक स्तरासमोर आठवड्याची रक्कम छापलेली असावी, फेरीवाले, घरकामगार आणि रिक्षाचालकांच्या याद्या आधीच अद्ययावत असाव्यात, आणि बंद काळातले परवाना शुल्क व विजेचा स्थिर आकार त्या प्रमाणात माफ व्हावा.

कायद्याबाबत थोडेच. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्यात संसर्ग पसरू न देणे हा समवर्ती सूचीतला. तरीही २९ ऑगस्ट २०२० च्या आदेशाने केंद्राने राज्यांना प्रतिबंधित क्षेत्राबाहेर स्थानिक टाळेबंदी लावण्याआधी सल्लामसलत सक्तीची केली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये टाळेबंदी हा राज्यांनी अखेरचा उपाय मानावा असे सांगितले. राज्यांतर्गत स्तर ठरवण्याचा अधिकार राज्याकडे, आंतरराज्य वाहतुकीचा केंद्राकडे, आणि वर सांगितलेल्या दोन स्थितींतच देशव्यापी बंदी, अशी वाटणी कायद्यात लिहिली गेली पाहिजे.

राज्य सरकारने वर्दळीवर आखलेले घटक, दोन्ही आकडे, चढण्या-उतरण्याचे निकष आणि मदतीचे दर यांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, अशी माझी मागणी आहे. त्याआधी तो जुन्या आकड्यांवर चालवून पाहावा. अमरावतीत २२ फेब्रुवारी २०२१ ला टाळेबंदी लागली, राज्यभर कडक निर्बंध आले १४ एप्रिलला. या सातेक आठवड्यांचे तालुकानिहाय चाचण्या, बाधित आणि खाटांचे आकडे आरोग्य विभागाकडे आहेत. मसुद्यातल्या नियमाने कोणता घटक कोणत्या शनिवारी बंद केला असता, किती दिवस बंद ठेवला असता आणि कोणते जिल्हे उघडे राहिले असते, हे त्या आकड्यांवरून काढून मसुद्यासोबत जोडावे.

आपला,
साथरोग सर्वेक्षणाचा एक अभ्यासक